रोग्याचा वाली कोण?

(परळी वैजनाथ येथें शेतकरी, ऊसतोड मजूर व कारागीर मंडळींच्या सभेंत एका ग्रामशिक्षकानें केलेलें भाषण)



आपल्या गांवच्या देवाचें नांव वैद्यनाथ, म्हणजे वैद्यांचा धनी. ज्या गांवीं वैद्यांच्या धन्याचें ठाणें, त्या गांवच्या पंचक्रोशींत रोग्याला वाली नसावा, ही लाजेची गोष्ट आहे. मी वैद्य नाहीं, वकीलहि नाहीं. मुलांस अक्षर शिकविणारा साधा मास्तर आहें. परंतु मास्तराचें एक काम असें आहे कीं, कागदावर जें लिहिलें आहे तें ज्यांस वाचतां येत नाहीं किंवा वाचावयास फुरसत नाहीं, त्यांस वाचून दाखवावें. आपल्या दवाखान्यांसंबंधानें कोणते कायदे झाले, कोणते होतां होतां राहिले, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून राहिले, हें आज मी तुम्हांस वाचून दाखविणार आहें.

प्रथम आपल्या घरचेंच पाहूं. दसरा-दिवाळीच्या सुमारास माझ्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढूं लागतात. मुलें आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर घेतलेली. एक दिवस पडून राहिलें कीं खाड्याचे पैसे कापले जातात. फडांत न्हाणी नाहीं, शौचकूप नाहीं, कोपीवर पाण्याचा हंडा दुरून आणावयाचा. अशा बाईच्या ओटीपोटांत दुखूं लागलें, अंगावरून जाऊं लागलें, म्हणजे ती तालुक्याच्या गांवीं खाजगी दवाखान्यांत जाते. तेथें तिला सांगण्यांत येतें, "पिशवी खराब झाली आहे, काढून टाक, नाहींतर कर्करोग होईल." ती भिते. पाळीचा त्रास जाईल, खाडा पडणार नाहीं, असें घरच्यांसहि वाटतें. मग उचलींतूनच पैसे भरून पिशवी काढली जाते.

हें एका-दोघींचें झालें असतें तर दैव म्हणून सोडून दिलें असतें. पण 2019 च्या जून महिन्यांत तेव्हांचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीं विधानपरिषदेंत सांगितलें कीं, तीन वर्षांत बीड जिल्ह्यांतील 99 खाजगी रुग्णालयांत मिळून 4,605 बायकांच्या पिशव्या काढण्यांत आल्या. पुढें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली. ऊस तोडणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यांत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक! साऱ्या देशांत 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागें हें प्रमाण सुमारे तिघींचें. ह्या सर्वच शस्त्रक्रिया विनाकारण झाल्या असें मी म्हणत नाहीं. कित्येकींचा जीव त्यानें वांचलाहि असेल. पण आमच्याच बहिणींच्या पोटांत निराळा रोग कोठून आला, हें विचारणें प्राप्त आहे.

माझ्या शाळेंतील एका मुलीच्या आईनें असाच एक कागद मला वाचावयास दिला होता. बाईचें वय बत्तीस. कागदावर पैशाचा आंकडा होता, रोगाचें नांव नव्हतें. काढलेली पिशवी तपासावयास धाडली कीं नाहीं, याची नोंद नव्हती. ती मला विचारीत होती, "गुरुजी, मला काय झालं होतं?" तिला मोठा रोग झाला होता कीं कांहींच झालें नव्हतें, हें तो कागद सांगत नव्हता. त्या दवाखान्याचें नांव मी येथें घेत नाहीं. गोष्ट एका दवाखान्याची नाहीं. रोग्याला कागद मागण्याचा हक्क आहे कीं नाहीं, आणि असल्यास तो कोण देववितो, ही खरी गोष्ट आहे.

तुम्ही म्हणाल, यावर कायदा नव्हता काय? होता. खाजगी रुग्णालयांची नोंदणी करणारा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा 1949 सालचा. तो मुख्यतः नोंदणीपुरता. दर काय असावा, उपचार रीतीप्रमाणें झाला कीं नाहीं, याचा धाक त्यांत फारसा नव्हता. म्हणून 2010 सालीं दिल्लीच्या लोकसभेनें वैद्यकीय आस्थापनांचा नवा कायदा केला. प्रत्येक दवाखान्याची नोंदणी व्हावी, त्यानें किमान सोयी ठेवाव्या, दर उघड लावावे, उपचाराच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणें चालावें, असा त्याचा आशय. मात्र आरोग्य हा विषय राज्यांचा असल्यामुळें ज्या राज्यास वाटेल त्यानें तो स्वीकारावा, अशी सोय होती. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार यांनीं तो स्वीकारला. महाराष्ट्रानें अद्याप स्वीकारलेला नाहीं. आपलाच वेगळा कायदा करूं म्हणून येथें मसुदे झाले, समित्या बसल्या, आणि मसुदे कपाटांत गेले.

कां गेले? डॉक्टरांच्या संघटनेनें कडकडून विरोध केला. 2012 च्या जून महिन्यांत तर ह्या व अशाच सुधारणांविरुद्ध देशभर डॉक्टरांनीं एक दिवस काम बंद ठेवलें. त्यांचें म्हणणेंहि ऐकून घेतलें पाहिजे. ते म्हणतात, मोठ्या शहरांतील शेटजींच्या रुग्णालयांस जे नियम झेपतील ते तालुक्याच्या दहा खाटांच्या दवाखान्यास झेपणार नाहींत, लहान डॉक्टर बुडेल, आणि तपासनीस येऊन हात ओले करून घेईल. ह्यांत कांहीं तथ्य आहे. पण त्यावर उपाय, लहानास सोसेल असा नियम करणें हा आहे. शेतांत तण माजलें म्हणून कोणी पेरणी बंद करीत नाहीं.

कायदा असूनहि तो पोंचट कसा करतात, याचा दाखला तर ह्याच गांवांत आहे. गर्भांतील मुलगा-मुलगी तपासण्यास बंदी करणारा कायदा देशांत पहिल्यानें महाराष्ट्रानेंच 1988 सालीं केला. देशाचा कायदा 1994 सालीं झाला. तरी 2011 च्या खानेसुमारींत बीड जिल्ह्यांत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागें मुली उरल्या सुमारे आठशें. 2012 सालीं परळीच्या एका दवाखान्यांतील प्रकरणानें आपल्या गांवाचें नांव देशभर झालें, आणि त्यांतील डॉक्टर दांपत्यास 2019 सालीं न्यायालयानें दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. एवढें होऊनहि 2016 सालीं सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांच्या संघटनेनें संप पुकारला. अर्ज भरण्यांतील चुकीस गुन्हा समजूं नये, ही त्यांची मोठी मागणी. अर्ज भरणें कारकुनी वाटतें खरें. पण जन्मापूर्वीं मारलेली मुलगी साक्षीला उभी राहत नाहीं. तेथें तो कागद हाच एक साक्षीदार असतो.

आतां दलालीकडे वळूं. तुमचा डॉक्टर तुम्हांस अमक्याच ठिकाणीं तपासणीला धाडतो आणि तपासणीवाला त्याला परत कांहीं रक्कम देतो. तिला 'कट' म्हणतात. आडत्याची आडत निदान पट्टीवर लिहिलेली असते. ही आडत कोठेंच लिहिलेली नसते, आणि ती भरतो रोगी. सगळे डॉक्टर असे नाहींत. विंचूदंशावर संशोधन करून ज्यांनीं कोंकणांतील शेंकडों गरिबांचे प्राण वांचविले, ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या मराठवाड्यांतील शेतकरी घरचे. रोगी पाठविल्याबद्दल आलेला 1,200 रुपयांचा धनादेश त्यांनीं परत केला आणि वैद्यक परिषदेकडे उघड तक्रार केली. पुढें 2017 सालीं महाराष्ट्र सरकारानें माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीकडून 'कट' बंद करणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार करविला. तो मसुदा कायदा झाला नाहीं. एका डॉक्टराला जें लाजिरवाणें वाटलें तें बंद करण्यास सरकारला धीर झाला नाहीं.

औषधाचीहि तीच गत. औषध तेंच, गुण तोच, पण कंपनीच्या छापाचें घेतलें तर महाग आणि मूळ नांवाचें घेतलें तर स्वस्त. म्हणून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें 2 ऑगस्ट 2023 रोजीं नियम काढला कीं, डॉक्टरांनीं मूळ नांवानें औषध लिहावें आणि कंपन्यांच्या भेटी घेऊं नयेत. डॉक्टरांची संघटना आणि औषधकंपन्यांची संघटना दोघीहि आरोग्यमंत्र्यांकडे गेल्या. मूळ नांवाच्या औषधांच्या दर्जाची खात्री नाहीं, असें त्यांचें म्हणणें. 23 ऑगस्टला नियम स्थगित झाला. एकवीस दिवस! आमच्याकडे कोंबडीच्या अंड्यांतून पिलूं बाहेर यावयास एकवीस दिवस लागतात. तेवढ्या अवधींत हा नियम जन्मला आणि झोपलाहि. दर्जाची शंका खरी असेल तर औषधें तपासणारे अधिकारी वाढवावे, प्रयोगशाळा वाढवाव्या. स्वस्त औषधाची वाटच बंद करून दर्जा सुधारत नाहीं.

सरकारनें मनांत आणलें तर काय होतें, तेंहि सांगतों, नाहींतर मी केवळ रडगाणें गातों असें व्हावयाचें. हृदयाची नळी उघडी ठेवण्यास एक बारीक जाळी बसवितात, तिला स्टेंट म्हणतात. औषध लावलेल्या जाळीला लाख-सवालाख रुपये घेत असत. न्यायालयांत लोकहिताचा दावा झाला, सरकारी दरनियंत्रकानें हिशेब तपासला, आणि फेब्रुवारी 2017 मध्यें तिची कमाल किंमत 29,600 रुपये ठरविली. त्यापुढें अमेरिकेंतील यंत्रकंपन्यांच्या संघानें आपल्या सरकारकडे गाऱ्हाणें नेलें, कीं हिंदुस्थानला व्यापारांत दिलेल्या सवलती काढून घ्या. जून 2019 मध्यें अमेरिकेनें त्या सवलती काढल्याहि, आणि त्याच्या कारणांत हें एक गाऱ्हाणें होतें. पाहा, परळीच्या रोग्याच्या छातींतील जाळीची किंमत सात समुद्रांपलीकडे कोणी तरी मोजीत बसला आहे. आणि आम्ही आमच्या तहसील कचेरींत एक अर्ज देण्यास कंटाळतों!

राजस्थानानें 21 मार्च 2023 रोजीं आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. अपघात झालेल्या वा अत्यवस्थ रोग्यास अगोदर पैसे न मागतां उपचार द्यावा, हा त्याचा गाभा. खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, दवाखाने बंद पडले. 4 एप्रिलला तडजोड झाली, आणि सरकारी सवलत न घेतलेले पन्नास खाटांखालचे खाजगी दवाखाने त्यांतून वगळण्याचें ठरलें. तरी मी म्हणतों, राजस्थानानें निदान कायदा केला. आम्ही तेवढेंहि केलें नाहीं.

आतां विचार करा, असें कां होतें? मोंढ्यांत व्यापारी प्रत्येक पोत्यामागें मूठ-दोन मूठ दाणे काढून घेतो. प्रत्येक शेतकरी म्हणतो, मुठीसाठीं कोण भांडत बसेल? व्यापाऱ्याच्या घरीं मात्र संध्याकाळपर्यंत त्या मुठींची पोतीं होतात, आणि तीं राखण्यासाठीं तो वकील लावतो, पुढारी गांठतो, मुंबईस खेटे घालतो. दवाखान्याच्या कायद्याचें असेंच आहे. आमचें नुकसान लाखों घरांत विखुरलेलें, आणि त्यांचा नफा चार हातांत गोळा झालेला. त्यांची संघटना आहे, कचेरी आहे, पत्रव्यवहार आहे. निवडणुकीला देणगी देण्याची ऐपत आहे. 2018 पासून जे निवडणूक-रोखे विकले जात, ते सर्वोच्च न्यायालयानें 15 फेब्रुवारी 2024 रोजीं घटनाबाह्य ठरविले. मार्च महिन्यांत घेणारांच्या याद्या बाहेर पडल्या, तेव्हां त्यांत औषधकंपन्यांचीं आणि मोठीं रुग्णालयें चालविणाऱ्या कंपन्यांचीं नांवें निघालीं. देणगी दिली म्हणजे लांच दिली, असें नव्हे. पण देणारा घरचा पाहुणा होतो, आणि पाहुण्याला ओसरीवर बसवून ठेवीत नाहींत, एवढें आपणहि जाणतों.

आपल्या पूर्वजांनीं हा प्रश्न ओळखला नव्हता असें नाहीं. 1897 च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनीं हडपसरजवळ सासण्यांच्या मळ्यांत प्लेगाच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्या माउलीला रोग लागला आणि 10 मार्च 1897 रोजीं ती गेली. आज सरकारच्या आरोग्य योजनेस महात्मा जोतीरावांचें नांव आहे. आतां ती सर्वच कुटुंबांस लागू केली असून वर्षाला पांच लाखांपर्यंतचा खर्च सरकार भरतें. चांगलें आहे. पण त्यांतील बराच पैसा खाजगी रुग्णालयांकडे जातो. सरकारच्या म्हणजे तुमच्या करांतून ज्यांस पैसा मिळतो, त्यांस हिशेब विचारणारा कायदा कां नसावा? आणि सरकारी दवाखान्यांचें काय? 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें ठरविलें होतें कीं, देशाच्या उत्पन्नांतील शंभर रुपयांपैकीं अडीच रुपये 2025 पर्यंत सरकारांनीं आरोग्यावर खर्चावे. 2021-22 सालीं हा खर्च 1 रुपया 84 पैसे होता. सरकारी दवाखाना लंगडा ठेवावयाचा आणि मग रोगी खाजगीकडे कां जातो म्हणून विचारावयाचें, हा कोणता न्याय?

विलायतेंत काय घडलें, तें थोडक्यांत सांगतों. वेल्स प्रांतांत ट्रेडेगर नांवाच्या गांवीं कोळशाच्या खाणींतील मजूर आपल्या मजुरींतून दर पौंडामागें कांहीं पेनी काढून स्वतःचा वैद्यकीय निधि चालवीत. त्यांतून डॉक्टर ठेवीत, औषधें देत. त्याच गांवचा, स्वतः खाणींत काम केलेला अन्यूरिन बेव्हन पुढें आरोग्यमंत्री झाला. साऱ्या देशाला फुकट उपचार देण्याची योजना त्यानें आणली. तेथील डॉक्टरांच्या संघटनेनें मतदान घेऊन ती नाकारली. बेव्हननें मोठ्या डॉक्टरांस खाजगी रोगी पाहण्याची मुभा दिली, पैशांत सवलती दिल्या, पण मूळ योजना सोडली नाहीं. 5 जुलै 1948 रोजीं ती सुरू झाली आणि आजहि चालू आहे. तो मागें हटला नाहीं, कारण त्याच्या मागें पेनी-पेनी गोळा करणारे मजूर उभे होते.

तुमची पेनीहि गोळा होत आहे बरें का! ऊसतोड कामगारांसाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें जें कल्याण महामंडळ आहे, त्यासाठीं कारखान्यांनीं टनामागें 10 रुपये द्यावयाचे आणि तितकेच सरकारनें घालावयाचे, असें ठरलेलें आहे. टन तुम्हीं तोडलेला. त्या पैशांतून प्रत्येक कारखान्याच्या तळावर बायकांस तपासणारी डॉक्टरीण, पाणी आणि शौचकूप कां नको? हा पैसा उपकाराचा नाहीं. हिशेब मागावयास हरकत नाहीं.

तर आपण काय करावें? मी चार कामें सुचवितों.

पहिलें काम. 14 जानेवारी 2021 रोजीं महाराष्ट्र सरकारनें शुश्रूषागृहांचे नियम सुधारले. 2019 सालच्या प्रकरणाची व करोनाच्या बिलांची ओरड झाली नसती तर हें इतकें तरी झालें असतें कीं नाहीं, कोण जाणे. त्याप्रमाणें दवाखान्यानें रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असें लावलें पाहिजे. दवाखान्यांत गेल्यावर तें कोठें आहे, हें नम्रपणें पण मोठ्यानें विचारा. पावती घ्या. रोगाचें नांव लिहून घ्या. पिशवी काढावयास सांगितली तर घाईनें हो म्हणूं नका. आपलें उपजिल्हा रुग्णालय आहे, शेजारीं अंबेजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथें दुसरा सल्ला घ्या. दुसरा सल्ला घेणें हा डॉक्टरचा अपमान नव्हे, रोग्याचा हक्क आहे.

दुसरें काम. तक्रार तोंडीं करूं नका. जिल्हा शल्यचिकित्सक अथवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांस लेखी द्या आणि पोंच घ्या. लिहितां येत नसेल तर शाळा सुटल्यावर माझ्याकडे या. माझा टाक आणि माझी ओसरी त्यासाठीं मोकळी आहे.

तिसरें काम. गांवांत आरोग्य व पोषण समिती असते, तिला दरसाल निधि येतो. समितींत कोण आहे, पैसा कशावर गेला, हें ग्रामसभेंत विचारा. 2007 पासून पुणें, अमरावती, ठाणें, नंदुरबार आणि आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत लोकांनींच दवाखान्यांची पाहणी करून अधिकाऱ्यांसमोर जनसुनवाई भरविली. तेथें बायका उभ्या राहून बोलल्या. आपल्या बायकांनीं कां बोलूं नये?

चौथें आणि सर्वांत महत्त्वाचें. सरकार कायद्याच्या नियमांचा मसुदा छापतें आणि लोकांच्या हरकती व सूचना मागवितें. संघटनांचीं पत्रें त्याच दिवशीं मंत्रालयांत पोंचतात. आपल्यापैकीं कोणी आजवर असें एक तरी पत्र धाडलें आहे काय? बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूं पडून राहतात. म्हणून प्रत्येक गांवांतून, प्रत्येक ऊसतोड टोळींतून सह्या आणि अंगठे घेऊन दोन मागण्या धाडूं: वैद्यकीय आस्थापनांचा कायदा लहान डॉक्टरला सोसेल असा, पण दांत असलेला करा, आणि 'कट' बंद करणारा मसुदा कपाटांतून काढा. मतें मागावयास जो येईल त्याला, मग तो कोणत्याहि पक्षाचा असो, जातीचा असो, पहिल्यानें हेच दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर चारचौघांत घ्या.

डॉक्टर आपला वैरी नाहीं. रात्रीं-अपरात्रीं आपल्या लेकराला वांचविणारा तोच आहे. पण ज्या खोलींत कायदा ठरतो तेथें विकणाराची खुर्ची असते आणि घेणाराची नसते, तोंवर कायदा विकणाराच्याच मापानें मोजला जाणार. ती दुसरी खुर्ची कोणी आणून ठेवणार नाहीं. ती आपणच घेऊन गेलें पाहिजे.

 सह्यांचा कागद व्यासपीठाजवळ ठेवला आहे. बहिणींनीं अगोदर पुढें यावें.